लाल स्वेटर, जरा डावीकडे

३ ऑक्टोबर

निघालो एकदाचे! मी स्टिअरिंगवर, अहो शेजारी आणि मागच्या अख्ख्या सीटवर कॅमेऱ्याची पथारी. माझी बॅग ह्यांच्या पायांपाशी, म्हणून ह्यांची कुरकुर. घाला पाय खिडकीबाहेर!

इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं. पण घरच्या गाडीची किल्ली मागितली की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू मी मूत्रपिंडच मागितलं. काल मात्र स्वतःहून किल्ली हातावर ठेवली. “फोटो काढणाऱ्याने रस्ता बघायचा नसतो, देखावा बघायचा असतो.” बरं बाबा! जास्त बोलले नाही. विचार बदलला असता तर?

एवढ्या खटाटोपाचं कारण म्हणजे ह्यांच्या फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन. मागच्या वर्षी ह्यांचा फोटो परत आला होता. क्लबचे मुख्य – मी त्यांना चौकटसर म्हणते, कारण “चौकट स्वच्छ ठेवा” यापलीकडे त्यांना वाक्यच येत नाही – सगळ्यांदेखत म्हणाले, “तलाव सुंदर आहे, पण त्यात वहिनी कशाला?” लोक फिदीफिदी हसले. ह्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. यंदा एक तरी फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे, आणि त्यात माणूस नको.

“आणि मग?”

“मग कॅमेरा विकून टाकतो.”

मी पुन्हा एकदा वदवून घेतलं. आनंदाने गाडी चौथ्या गिअरमध्येच सुरू करणार होते.

४ ऑक्टोबर

डोंगर. मोठे, उगाच उंच. आज मला मापाला उभं केलं.

अहो मोजणी खात्यातले. तिथे प्रत्येक फोटोत कुणीतरी काठी धरून उभं राहायचं, नाहीतर हा डोंगर आहे की खडीचा ढीग हे साहेबाला कळायचं नाही. निवृत्तीनंतर काठी खात्याने ठेवून घेतली. मी उरले.

“लाल स्वेटर घाल. त्या दगडापाशी जा. जरा डावीकडे. पोट आत.”

पण फोटोत माणूस नको ना? त्यावर नवीन शोध लागलाय. आधी मी उभं राहायचं, मग हे ट्रायपॉडवर कॅमेरा जागच्या जागी आवळणार, मग “आता बाजूला हो!” आणि मग खटका. म्हणजे एवढा चढ मी धापा टाकत चढायचा, तो फोटोत नसण्यासाठी! जगात दुसऱ्या कुठल्या बाईला हे काम मिळालं असेल तर मला तिला भेटायचंय.

एक मात्र लिहिलं पाहिजे. फोटो चांगला आलाय. डोंगर अगदी ऐटीत बसलाय.

५ ऑक्टोबर

पाऊस. खोलीतला हीटर खोकतो, अहो घोरतात. स्वेटर चिंब.

६ ऑक्टोबर

तलाव. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही!

लाल स्वेटर वाळला नव्हता म्हणून राखाडी घातला. तर ह्यांचं तोंड एवढंसं. “लाल नाही? मग राहू दे आज.” अहो, समोर अख्खा तलाव पडलाय, तो काय लाल स्वेटरची वाट बघत बसलाय का? तरी नाहीच. शेवटी मी थर्मास आणायला गाडीकडे गेले, आणि मागून ह्यांचा खणखणीत आवाज – “अगं, डावीकडे! आणि पोट आत घे!”

वळून बघते तर काठावर लाल जाकीट घातलेली एक परकी पोरगी. बिचारीने खरंच पोट आत घेतलं!

मी धावत जाऊन माफी मागितली. ती हसत सुटली, म्हणाली, “माझे कोच पण असंच ओरडतात.” अहो कानापर्यंत लाल. म्हणे, पाठमोरी होती. कसली पाठमोरी! चांगली ह्यांच्याकडे तोंड करून उभी होती, माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि माझ्या निम्म्या वयाची. मी म्हटलं, “निदान मला तिच्यासारखी समजलात, उपकार झाले.”

लेकीला फोनवर सांगितलं. ती आधी खिदळली, मग म्हणाली, “आई, बाबांना चष्म्याचा नंबर तपासायला सांग.”

“नवाच आहे,” अहो पलंगावरून म्हणाले. कान बरे तीक्ष्ण आहेत.

७ ऑक्टोबर

दिवसभर गाडीत. रस्ता सरळ, कंटाळवाणा. वेळ जावा म्हणून मी आमच्या स्कूलचा खेळ काढला. नवा विद्यार्थी आला की पहिल्या धड्याआधी मी त्याला समोरच्या फुटपाथवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला लावायची. वाचता आली नाही, तर आधी डोळे दाखवून ये, मग क्लच. कुणालाही सूट नाही. वकिलीणबाईंनाही नाही.

“अहो, पुढच्या ट्रकचा नंबर सांगा बघू.”

“सुट्टीत परीक्षा घेऊ नकोस.”

“वाचा तर!”

“तू रस्ता बघ.”

असे अंगावर आले की खेळच संपला. जेवायला थांबलो तिथे मेनूकार्डाकडे न बघताच म्हणाले, “तू घेशील तेच.” मी मुद्दाम ह्यांना न आवडणारं भोपळ्याचं सूप मागवलं. मुकाट्याने प्यायले. भांडणारच नसतील तर गंमत काय?

८ ऑक्टोबर

संप!

आज टेकडीवर तीन वेळा वर पाठवलं, तीन वेळा खाली. चौथ्यांदा “जरा डावीकडे” म्हणाले तेव्हा मी थेट गाडीत जाऊन बसले. काचा वर. म्हटलं, मी माणूस आहे, मोजणीची काठी नाही. तुमच्या डोंगरात मला जागा नाही ना, मग चढवता कशाला? काढा एकट्याने.

काढले. बराच वेळ. आरशातून मला दिसत होते. ट्रायपॉड इकडे न्यायचा, तिकडे न्यायचा, कॅमेऱ्याला डोळा लावायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. मी मनात म्हटलं, बघा आता.

संध्याकाळी खोलीवर फोटो पाहिले. डोंगराचं डोकं उडालेलं, क्षितिज घसरगुंडीसारखं, आणि एकात बरोब्बर मधोमध – कचऱ्याची पेटी! झाकणासकट!

“हे काय हो?”

“प्रयोग आहे.”

मी पोट धरून हसले. अहो हसले नाहीत. कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. एवढं हसायला नको होतं असं आता वाटतंय. पण पेटी खरंच मधोमध होती.

९ ऑक्टोबर

जुन्या शहरात आलो. तट, बुरूज, दगडी कमानी, आणि एवढ्या अरुंद गल्ल्या की आरसे मिटूनच गाडी आणावी लागली. पायऱ्या उतरताना ह्यांनी माझा हात धरला. रस्त्यात! लग्न झालं तेव्हासुद्धा नव्हता धरला. मी म्हटलं, “लोक बघतायत.” म्हणाले, “बघू देत.”

समेट झाला. मनवायला लागलं नाही, चहा पाजला की दोघंही विरघळतो. उद्या सकाळी तटावर जायचं. खाली सगळं शहर, मागे डोंगर, बाजूला तलाव. प्रदर्शनाचा फोटो तिथलाच. लाल स्वेटर घालून उभी राहीन, सांगतील तेव्हा मुकाट बाजूला होईन. लागू दे एकदाचा भिंतीवर. चौकटसरांचं तोंड बघायचंय मला!

१० ऑक्टोबर

तटावर ऊन तापलं. मी स्वेटर काढून कठड्यावर टाकला आणि खालून चहा आणायला गेले. अहो ट्रायपॉडशी खटपट करत होते, मी गेल्याचं त्यांना कळलंच नसावं.

परत आले तर कॅमेऱ्याला डोळा लावून बोलत होते.

“जरा डावीकडे. आणि आज बाजूला होऊ नकोस गं. शेवटचा आहे, तुझ्यासकट काढतो. चौकटसर गेले खड्ड्यात. हस ना!”

कठड्यावर कुणी नव्हतं. फक्त स्वेटर.

मी त्यांच्या समोरून गेले, अगदी समोरून. दिसले नाही. साऱ्या गावाला नंबरप्लेट वाचायला लावणारी मी!

चहा खाली ठेवला. आवाज न करता स्वेटर अंगात घातला. जरा डावीकडे सरकले. डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी.

“हसतेय,” म्हटलं. “काढा.”