काळी चारमधली चाल

३ ऑक्टोबर १९९९

वाजली! आज आबांच्या गाण्याच्या पार्टीच्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि सगळी गल्ली दणाणली. शेजारची रंगुबाई आईला हाका मारत पळत आली — "आगं पारू, काय फुटलं गं?" काही फुटलं नाही मावशी, गिटार आहे. इलेक्ट्रिक. मी केलेली!

फळी मिरजेच्या एका सतारवाल्याकडची, फणसाची, उरलेली. दांडीवर बोटं दाबायच्या पट्ट्या सायकलच्या चाकातल्या तारांच्या. आवाज पकडणारी कॉइल कुपवाडच्या शेडमध्ये गुंडाळली, जेवणाच्या सुट्टीत. दिवसभर जळक्या मोटारींचं वाइंडिंग करतो, पण ही तार केसाएवढी बारीक. तुटायची, परत गुंडाळायची, परत तुटायची. शेवटी जमली एकदाची.

आबा दारातनं बघत होते. "चांगला बेंजो हुता हातात, त्यो टाकून ह्ये फावडं कशाला घेतलंस?" बास, तेवढंच. आकाराम गायक म्हटलं की खंडाळ्यापासून जतपर्यंत लोक जय भीम घालतात, आणि घरात पोराचं एवढंसं कौतुक निघत नाही तोंडातनं. नसू दे!

५ ऑक्टोबर

सम्मेदकडे गेलो होतो. त्याच्या वडिलांचं, जिनपालकाकांचं हळदीचं गोदाम, त्याच्या माडीवर ह्याने सायबर कॅफे काढलंय. जिना चढता चढता शिंका. शाळेत एका बाकावर होतो आम्ही, अजून तसाच आगाऊ आहे. म्हणाला, गिटारवाल्यांची एक साईट आहे, जगभरातले लोक घरी वाजवलेलं तिथं टाकतात, बाकीचे ऐकून लिहितात. "तुझं टाकू की!"

मी म्हटलं, येडा का खुळा तू? पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

९ ऑक्टोबर

टाकलं! एका सिनेमाच्या गाण्याची धून. टेपवर भरली, सम्मेदने कॉम्प्युटरला वायर लावून आत घेतली. उत्तरं आली — चांगलं आहे, छान आहे, असली. पण ब्राझीलचा एक पावलो म्हणून आहे, त्याने मोठं लिहिलंय. हा आवाज कसला, गिटार कुणाची, तारा कुठल्या सुरात लावल्यास?

मी सांगितलं, काळी चार.

सम्मेद म्हणाला, "गड्या, काळी चार इंग्रजीत काय?" मला काय माहीत! आबांचा सूर हार्मोनियमवरची चौथी काळी पट्टी, काळी चार. आमच्या घरात दुसरा सूरच नाही. मी सहाही तारा त्यालाच लावल्यात, सा-प-सा-प करत. आता कळलं, अख्ख्या जगात गिटारच्या तारा वेगळ्याच लावतात! तिथल्या तिथं कानातनं धूर निघाला माझ्या. केवढं हसले असतील!

१० ऑक्टोबर

हसला नाही तो. उलट लिहिलंय, अजिबात बदलू नकोस. आणि म्हणे, सिनेमाचं पुष्कळ झालं, तुझ्या घरचं काही वाजव.

घरचं म्हणजे एकच. सहा डिसेंबरची चाल.

छे. नाही जमायचं.

१३ ऑक्टोबर

डोक्यातनं जात नाही. लिहूनच काढतो.

बाकी पार्ट्या सिनेमाच्या चालीवर शब्द बसवतात. आम्हीही बसवतो. पण ही एक चाल आबांची स्वतःची. वर्षातनं एकदाच, महापरिनिर्वाणाच्या दिवशी, शेवटच्या गाण्याला. म्हातारी माणसं रडतात. आणि दुसऱ्याची चाल घ्यायची तर आमच्यात रीत आहे — त्याच्या घरी जाऊन मागायची, त्याने दिली तर स्टेजवर आधी त्याचं नाव घ्यायचं. न विचारता घेतली तर तो चोर. मग त्याच्याबरोबर कोणी एका स्टेजवर बसत नाही.

साताऱ्याचे नानासो, त्यांची पण पार्टी आहे, ते घरी येऊन मागून गेले. आबांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. परत आले तेव्हा चहा पण नाही. माझ्यासमोर म्हणाले, "ही चाल माज्या घराबाहीर गेली ना नानासो, त्या दिवशी माजी पेटी बंद. पुन्ना गानार न्हाई."

आबा तोंडचं बोलत नाहीत. म्हणाले की करतातच. दारू सोडतो म्हणाले, त्या दिवसापासून शिवली नाही. नानासोंशी तेव्हापासून नमस्कारसुद्धा नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा

केलं. केलंच शेवटी.

धम्मचक्राचा कार्यक्रम कोरेगावला. आबा पार्टी घेऊन गेले, मी ताप आलाय म्हणून घरी. टेप लावला आणि वाजवली चाल. असं कधी वाजलं नव्हतं माझ्याकडून. ती गिटार त्या चालीसाठीच केली होती की काय कोण जाणे.

वर बघतो तर आई. सूप हातात घेऊन दारात उभी. आता शिव्या खातोय म्हटलं.

"चाल वाजवतूस?"

"सहज गं."

"पुन्यांदा वाजव."

वाजवली. ती हललीसुद्धा नाही. मग म्हणाली, "अंतऱ्याला —" आणि गप्प.

"काय अंतऱ्याला?"

"काय न्हाई. भात लागंल." गेली आत.

२१ ऑक्टोबर

पाठवायला बसलो तर लाईन सारखी तुटते. अर्धं जातं आणि फुस्स! सम्मेदचा एक डोळा घड्याळाकडं, एक खिडकीकडं. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं त्यांच्यात, आई वाट बघत बसते त्याची. म्हटलं, जा बाबा तू, मी बघतो. तो जिना उतरला आणि फाईल गेली. मी एकटाच होतो.

नावाच्या जागी लिहिलं — चाल : आकाराम. निदान नाव तरी घेतलं. विचारलं मात्र नाही. म्हणजे मी चोरच की! स्वतःच्या घरातला.

२४ ऑक्टोबर

अजून कोणाचंच उत्तर नाही. शेडमध्ये चुकीचं कनेक्शन दिलं, मोटार जळाली. मालकाने आईबाप काढले.

२८ ऑक्टोबर

पावलोने लिहिलं नाही. वाजवलंच! त्याने स्वतःच्या गिटारच्या तारा काळी चारला लावल्या, चाल ऐकून ऐकून बसवली, आणि स्वतः वाजवून, खाली 'चाल : आकाराम' असंच लिहून, त्याच साईटवर टाकली. हेडफोन लावले आणि डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आबांची चाल, कुठल्या कुठं, कोण तो माणूस, आणि हरकत न् हरकत जशीच्या तशी!

रस्त्यात सायकलवर होतो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गेली की चाल घराबाहेर. आता कोण आणणार परत?

३० ऑक्टोबर

सम्मेदला म्हटलं, काढून टाक. माझी काढली त्याने. पावलोची कशी काढणार? त्याची आहे ती. "लिहू का त्याला?" काय लिहिणार? तू चोरीचा माल वाजवतोयस म्हणून? राहू दे म्हटलं.

६ नोव्हेंबर

वाटोळं झालं! झालं वाटोळं!

काल सम्मेद जेवायला गेला तेव्हा पावलोची चाल स्पीकरवर चालूच ठेवून गेला. आवडते म्हणे त्याला! खाली टेम्पोतनं हळदीची पोती उतरवत होते, आणि टेम्पो कुणाचा? बाळासोचा. नानासोंच्या पार्टीतला ढोलकीवाला बाळासो! पोतं खांद्यावर तसंच, आणि हा उभा.

"ही तर आकारामची चाल. कोन वाजवतंय वर?"

आणि जिनपालकाकांनी, बिचाऱ्या देवमाणसाने, अगदी कौतुकाने माझं नाव सांगितलं — "आपल्या म्हेंद्रानं ब्राझीलला धाडलीया!"

बाळासो हसला म्हणे.

सम्मेद मला सांगताना रडायच्या बेतात. त्याला काय बोलणार? टाकली मीच ना.

७ नोव्हेंबर

आईला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं, नाहीतर फुटलो असतो. तव्यावर भाकरी होती. तिने सगळं ऐकलं, आणि एकच विचारलं.

"नाव कुनाचं लिवलंस?"

"आबांचं."

पुढची भाकरी अशी थापली की परात उडाली. "बरं केलंस," म्हणाली. पण तोंड बघायला पाहिजे होतं. मला वाटलं भडकली माझ्यावर. मग जेवायला वाढताना दोनदा तूप वाढलं. काही कळत नाही हिचं.

२१ नोव्हेंबर

यंदा सहा डिसेंबर साताऱ्याला. मैदानावर, दोन्ही पार्ट्या एका स्टेजवर! नानासो पहिले, आबा शेवटी. आबा खुशीत आहेत, गुळण्या काय, ज्येष्ठमध काय. मला म्हणाले, "येनार असशील तर बेंजो घिऊन ये. फावडं न्हाई."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसून बोलले माझ्याशी. आणि मी सांगितलं नाही. भित्रा!

५ डिसेंबर

आज धाडस केलं. "आबा, एक सांगायचं हुतं."

"उंद्या सांग रं. गळा जपाय लागतूय."

जीपमध्ये सामान भरून टाकलं.

६ डिसेंबर

नानासो टोमणा मारतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही स्टेजच्या मागे सामान उतरवत होतो. नानासो सरळ आबांपुढं आले, पांढरा टॉवेल खांद्यावर, हात जोडलेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "आकाराम, दूरच्या मान्साला चाल दिलीस. चांगलं केलंस. आता आमालाबी दे की. आमी काय परकं हाय व्हय?"

त्या माणसाच्या मनात काळंबेरं नव्हतं, आईशप्पथ. खरंच मागत होते.

आबांना पहिल्यांदा कळेना. मग बाळासोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. एवढ्यावरच कळलं त्यांना.

शिवी नाही, हात उगारला नाही. स्टेजवर गेले, ठरलेली सगळी गाणी गायले, आवाज एवढासाही हलला नाही. शेवटच्या गाण्याची वेळ आली. मैदान गप्प झालं, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आबांनी भाता दाबला, काळी चारवर बोट ठेवलं. तसंच ठेवून बसले. आणि मग पेटी मिटली.

"जय भीम," म्हणाले, आणि खाली उतरले.

येताना जीपमध्ये पेटी माझ्या मांडीवर होती. मी सांगितलं ना, आबा तोंडचं बोलत नाहीत.

८ डिसेंबर

दोन दिवस पेटीवर चादर. लोक येतात, दारातनंच परत जातात.

आज आबा जेवून उठले आणि म्हणाले, "काय धाडलंस त्ये ऐकीव."

सम्मेदने कॅसेट भरून दिली होती. आधी माझं, मग पावलोचं. आबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. पावलोचा अंतरा आला आणि आत भांडी घासायचा आवाज थांबला. आई बाहेर आली, हाताला राख तशीच.

"दोगंबी चुकलाय," म्हणाली. "थितं सूर चढत न्हाई. खाली येतूय."

आणि म्हणून दाखवलं. आईने! अंगाईसुद्धा मला आठवत नाही तिची, आणि ती तिथं उभी राहून पूर्ण अंतरा गायली. आवाज चिरका झालाय, पण सूर कुठंच हलला नाही. तसा अंतरा मी कधीच ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "आगं पन आबाबी चढवूनच गात्यात की!"

"त्येबी चुकत्यात. पयल्यापास्नं."

आबांनी डोळे उघडले. टेप बंद केला. उठले, चप्पल पायात सरकवली आणि निघून गेले. अंधार पडला तरी आले नाहीत. मी आईवर ओरडलो, "आत्ताच बोलायचं हुतं व्हय तुला? आदीच पेटी मिटलीया त्यांनी!" ती परत राख घेऊन बसली.

सगळं माझ्यामुळे.

९ डिसेंबर

सम्मेदने शेडवर निरोप पाठवला, लगेच ये. गेलो. कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर आबा! टोपी मांडीवर.

माझ्याकडं बघितलंच नाही. सम्मेदला म्हणाले, "त्या ब्राझीलवाल्याला लिव. चाल आकारामची न्हाई. महाबळेसरच्या रस्त्याला खडी फोडताना ही म्हनायची, म्हेंद्रा पाठीला बांदलेला आसायचा. मी शब्द घातलं. बायकांनी माईकवर गायचं न्हवतं तवा, म्हून मी गायलो. मग माजीच झाली."

मांडीवरची टोपी उचलली आणि म्हणाले, "आकाराम खोड. पारूबाई लिव."

सम्मेदने विचारलं, "आडनाव घालू का, काका?"

"नको. आडनाव माजं हाय."