आबा, इकडं तीन मोजतात

आबा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर चिडायचं म्हटलं तर आता मुद्दाम बसून चिडावं लागतं. तर बसलेय. इकडं आखातात, मिरकाबातल्या जुन्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर, अंगावर शाल घेऊन, कारण बाहेर जीव भाजून निघतो आणि आत हे लोक एसी असा लावतात की विरजण लागत नाही. लिहितेय ते कुस्त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर, पुढची सगळी भरली म्हणून. अक्षर चौथी नापासाचं. वेलांट्या चुकतील. त्या कुणामुळं चुकतात त्याच्यावर येतेच मी.

कुस्त्या कसल्या, म्हणाल. इथली लढाई होऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांनी मुलानं मला इकडं आणलं. सुनेला हॉस्पिटलात ड्यूटी आणि नात रांगत होती, म्हणून आणलं, आईची माया वगैरे काही नाही. ती नात आता नववीत. मुलगा शहराबाहेर शुऐबाला कारखान्यात फोरमन आहे. त्याच्याबरोबरचा एक अमेरिकन साहेब कायमचा परत निघाला आणि घरातलं सामान वाटत सुटला. कुणी सोफा आणला, कुणी मायक्रोवेव्ह. ह्यानं काय आणावं? खोकंभर व्हिडिओ कॅसेटी! "आई, कुस्त्या आहेत. आबांची आठवण म्हणून आणल्या." तुमचं नाव निघालं की ह्याचं डोकं चालत नाही. दर मे महिन्यात तुमच्या तालमीत मातीत लोळून मोठा झालाय, अजून तुम्हीच त्याचा देव. खोकं आणलं, टीव्हीखाली ढकललं आणि विसरला. उघडलं आम्ही दोघींनी, मी आणि नातीनं.

नातीनं मला समजावून सांगितलं ते असं, की त्या काळी अमेरिकेत कुस्ती मुलखामुलखाची वेगळी असायची. ह्या मुलखाचा मालक निराळा, त्याचे मल्ल निराळे, त्याचा चँपियन निराळा, आणि तिथल्याच टीव्हीवर दाखवायचे. म्हणजे आपल्याकडं मिरजेचा मल्ल कोल्हापुरात कुणाला ठाऊक नसावा, तसं. साहेबानं तरुणपणी सगळं भरून ठेवलेलं. पहिली कुस्ती लावली आणि दोन मिनिटांत मला कळलं, ही लुटुपुटूची आहे. ठोसा मारताना मारणारा पाय आपटतो, आवाज त्याचा येतो. उचलून आपटलेला माणूस पडताना आपले दोन्ही हात पसरून जमिनीवर मारतो, म्हणजे पाठीला लागत नाही. आणि ज्याला उचलतात तो स्वतःच जरा उडी घेतो, पाहुण्यानं कडेवर घेताना पोर घेतं तशी. पण कळलं म्हणून मी उठले का? अजिबात नाही! संध्याकाळपर्यंत चार कॅसेटी संपवल्या, भाकरी करायची राहिली, सून आली आणि आम्हाला बघून परत बाहेर गेली, खुबूस म्हणजे इकडच्या रोट्या आणायला.

पण आबा, ह्या घरात येईल तो मला शिकवतो. शेजारच्या खोलीत कोकणातले पाच वेल्डर राहतात, बायकापोरं गावाकडं. त्यातला एक शुक्रवारच्या सुट्टीत चहाला आला आणि टीव्हीकडं बघून म्हणाला, "आजी, ह्या सगळा खोटा असता हां." म्हटलं, "बाबा, तू भजी खा." सून सांगते, मुलगा सांगतो, खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, साखर आणायला गेले तर तो मल्याळी गल्ल्यावरून सांगतो, "अम्मा, वो सब नाटक है." अरे, वस्तादाची पोरगी मी! खोटं आहे हे काय सांगता, खोटं नीट केलंय का ते बोला ना! हेच मी बोलायला लागले आणि नात ह्या वहीत लिहून घ्यायला लागली. कॉम्प्युटरवर म्हणे जगातले असलेच वेडे लोक जमतात आणि जुन्या कुस्त्यांवर मतं लिहितात. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये टाकते. तिला मराठी वाचता येत नाही, मला इंग्लिश येत नाही, दोघी मिळून एक शिकलेली बाई होते.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, हाऊ मेनी स्टार्स?" म्हटलं, तारे कसले, मी काय अंगणात झोपलेय? आपल्या जत्रेत कशी, पोरांची कुस्ती रेवड्यांवर, त्याच्या वरची नारळावर, मग फेटा आणि सगळ्यात शेवटी गदा. तसं द्यायचं. ती टाईप करते, "वन कोकोनट." तिकडचे लोक विचारतात, कोकोनट चांगला की वाईट? आमच्यात नारळ देणं म्हणजे नोकरीवरून हाकलणंही असतं, असं मी सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणते, "सो कन्फ्यूजिंग, आजी!"

आता नमुना ऐका. एक आहे पिवळ्या केसांचा, पिसांचा झगा घालून येतो आणि बायकांकडं बघून केस मागं सारतो. त्याची आणि एका ढेरपोट्या म्हाताऱ्याची कुस्ती. म्हाताऱ्याचं कपाळ वणांनी भरलेलं, नांगरट केल्यासारखं. पिवळ्यानं त्याचा उजवा पाय धरला आणि पंधरा मिनिटं सोडलाच नाही. पिळतोय, मुरगळतोय, वर बसतोय. ह्याला म्हणतात चिकाटी. मी गदाच देणार होते. मग म्हातारा उठला आणि लंगडायला लागला. डाव्या पायानं! मी ओरडले, "अरे उजवा! उजवा दुखलाय तुझा!" नात हसून गालिच्यावर लोळली. गदा रद्द, एक नारळ. पहिल्या रांगेत एक आजीबाई होती, पिवळा कडेला आला की त्याला पर्सनं हाणायची. तिला मी फेटा दिला. नात म्हणाली, "शी इज ऑडियन्स!" असू दे, मनापासून कुणी काम केलं असेल तर तिनंच.

आणि एक मुखवटेवाला. एका मुलखाच्या कॅसेटीत हा लबाड, समोरच्याच्या डोळ्यात पूड फेकतो. दुसऱ्या मुलखाच्या कॅसेटीत तोच माणूस, मुखवटा नाही, नाव वेगळं, आणि लोकांची पोरं कडेवर घेऊन हिंडतोय. मी त्याला चालीवरून ओळखला, डावी टाच आत टाकतो. नातीनं तसं लिहिलं आणि ते वेडे लोक आठ दिवस एकमेकांशी भांडले. शेवटी आजीचंच खरं निघालं. त्या दिवशी मी शिरा केला.

पण पंच! आबा, ह्या पंचांना तुम्ही तालमीत झाडायलासुद्धा ठेवलं नसतं. लबाडी चालू असली की हा नेमका पाठ फिरवून लोकांना गप्प बसवतो. आणि खालच्याची पाठ लागली तरी निकाल देत नाही. पालथा पडतो आणि जमिनीवर हात आपटून मोजतो, एक, दोन, आणि तिसऱ्याच्या आत खालच्यानं खांदा उचलला की कुस्ती चालूच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा संताप झाला. "अगं, लागली की पाठ! दोन्ही खांदे टेकले, मी बघितले!" नात म्हणाली, "रिलॅक्स आजी, थ्री काउंट लागतो." म्हटलं, "म्हणजे पडलेल्याला उठायला वेळ देतात?" "या." मी पदरानं तोंड पुसलं. तिला वाटलं माझं बीपी वाढलं, पाणी घेऊन आली.

मी दहा वर्षांची आहे. तालमीच्या उंबऱ्याशी दुधाची चरवी घेऊन उभी आहे, आत जायचं नाही, मुलीची जात. तुम्ही बाहेरच्या कट्ट्यावर थंडाईचे बदाम वाटताय. "काय लागला निकाल?" विचारता. "गणितात गेले," मी म्हणते. तुमचा हात थांबतसुद्धा नाही. "पाठ लागली," म्हणता. "संपलं." संध्याकाळी मास्तर आले, बिचारे चालत आले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, एका विषयासाठी घालवू नका, पुन्हा बसवा. तुम्ही त्यांना घोंगडं अंथरलंत, चहा दिलात आणि म्हणालात, "मास्तर, पाठ लागल्यावर मी माझ्या पठ्ठ्याला परत उभा करत नाही. ही तर पोरगी." मी दाराआड होते, आबा. आणि वर काय केलंत? थंडाईचा पहिला पेला, जो जिंकून आलेल्याचा, तो माझ्या हातात दिलात. असं कुणी करतं का? एकीकडून शाळा बंद आणि एकीकडून बदाम! मी तो पिऊन टाकला. गोड लागला. पन्नास वर्षं मला तुमचा राग कमी आणि त्या गोड लागण्याचा जास्त येतोय.

तर गेल्या वर्षी नात गणितात गेली.

मुलगा शुऐबाहून आला, धुळीचे बूट पायातच, प्रगतिपुस्तक टेबलावर, आणि आम्ही टीव्हीपुढं. त्यानं टीव्ही बंद केला.

"रिझल्ट बघितलास, आई?"

"बघितला."

"आणि तरी ही कुस्त्या बघतेय?"

"ही नाही, आम्ही."

"तूच बिघडवलंस हिला. रेवड्या काय, नारळ काय!"

शाळेनं लिहिलं होतं, दोन आठवड्यांनी पुन्हा पेपर घेऊ. सून म्हणाली, देऊ दे ना. तर हा म्हणतो, "पुन्हा-बिन्हा काही नाही. आबा म्हणायचे तेच खरं. पाठ लागली की संपलं. मिरजेला होस्टेलवर टाकतो, या आठवड्यात तिकीट काढतो." तुमचाच आवाज, आबा. मान हलवायची लकबसुद्धा. नात एरवी इंग्लिश फाडते, ती मराठीत म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं." एवढंच. आणि माझ्याकडं बघितलं.

मी आधी सरळ लढले. म्हटलं, "अरे, तिकडं तीन मोजतात. पोरीचा आत्ता कुठं एक झालाय."

"आई, ते खोटं असतं!"

झालं. ह्यालाही तेच सांगायचं होतं! मला असा काही राग आला म्हणता, आणि त्या रागात तोंडातून निघून गेलं, "आबांनी मला परत बसवलं होतं."

"कुणी?"

"तुझ्या आबांनी. चौथीला. सायकलवर मागं बसवून शाळेत नेलं. मास्तरांपुढं हात जोडले, म्हणाले, एकदा बघू द्या तिला."

"मग?"

"मग काय. पेपर हातात आला आणि मी घाबरले. पळाले मागच्या दारानं. आबा पुढं लिंबाखाली बसलेले, दोन तास, मी आत लिहितेय असं समजून. त्यांनी उभं केलं होतं रे. मीच पडले."

इथं मी थांबले. पदर डोळ्याला लावला, फार नाही, जरासा. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं श्वास घ्यायचा, सगळं बरोबर पडलं. एवढ्या कॅसेटी बघितल्याचं सार्थक झालं म्हणा. ज्या पायाला दुखलं त्याच पायानं लंगडले.

मुलगा सोफ्यावर बसला, बुटांसकट. "तू कधी सांगितलं नाहीस," म्हणाला. म्हटलं, "लाज वाटायची." त्यानं वाकून बूट काढले. मग पोरीला विचारलं, "पेपर कधी आहे?"

दोन आठवडे कॅसेटी बंद. मी रोज तिच्याशेजारी बसले, ती गणितं करायची आणि मी मेथी निवडायचे. पास झाली. काठावर झाली, पण झाली. आता पुढच्या वर्षी दहावीला जाईल आणि इथंच राहील, माझ्या डोळ्यापुढं. हे सगळं छान झालं, मला आनंदच आहे, मी खोटं बोलत नाही. पण तुमचा लेकाहून लाडका नातू! कामावरच्या लोकांना सांगतो, वेल्डरांना चहा पाजून सांगतो, आमचे आबा एवढे कडक वस्ताद, पण लेकीच्या शिक्षणासाठी मास्तरांपुढं हात जोडले. परवा तर त्यात गुळाचा खडा आला. तुम्ही म्हणे पेपरला जाताना माझ्या हातावर गूळ ठेवलात! मी नव्हता घातला तो खडा, आबा, त्यानं आपल्या पदरचा घातला. तो वेल्डर डोळे पुसत म्हणतो, "खरो माणूस!" पेपर पोरीनं लिहिला, पळपुटी मी ठरले आणि वाहवा कुणाची? तुमची! आजवर ज्या माणसानं मला एक वेलांटी धड काढू दिली नाही त्याची!

मुलाला खरं सांगून टाकावं असं मी दर शुक्रवारी ठरवते. मग तो जेवताना तुमची गोष्ट काढतो, पोरीच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि मी आमटी वाढते. त्याला मराठी वाचता येतं, म्हणून ही वही तांदळाच्या डब्यामागं ठेवणार आहे.

काल नातीनं विचारलं, "आजी, ती सायकल कुठल्या कलरची होती?"

"हिरवी," मी म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही. तुम्हाला सायकल येतच नव्हती, आबा. जन्मात कधी पायडलवर पाय ठेवला नाहीत. पण ओढ्याच्या उताराला ती जोरात सुटली तेव्हा मी मागून तुमचा सदरा दोन्ही मुठींत धरला होता आणि तो घामानं ओला झाला होता, हे मला आता चांगलं आठवतं.