चोक की चोख

४ तारीख, सोमवार, सकाळ
सासरेबुवांची गाडी आज मनावर घेतली. ते गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. हयातीत त्यांनी मला ती एकदाही चालवायला दिली नाही. गाडीवर जीव होता, दुसरं काय!

पंचवीसला हिचा साठावा वाढदिवस. वस्तू काही नको म्हणाली. बाबांच्या गाडीतून एक चक्कर, बस्स. मेहुण्याचं म्हणणं, भावोजींच्याने हे व्हायचं नाही, गाडी मी घेऊन जातो. पंचवीसला गाडी हलली नाही तर तो दोर बांधून नेणार, असं बहीण-भावांचं ठरलंय. मी शब्द दिलाय. विषय संपला.

दुपार
नवी बॅटरी बसवली. किल्ली फिरवली की नुसतं घर्र घर्र. इंजिन काही पेटत नाही. दोन व्हिडिओ पाहिले. दोष कार्बोरेटरचा! पेट्रोल आणि हवा यांची भेट तिथेच होते म्हणे. बदलला की झालं.

ही दारातून म्हणाली, अहो, चोक बघितलात का? उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं माझं, पण घरातला एक 'ख' सुधारता आला नाही. म्हटलं, माझं काम चोखच असतं. कपाळाला हात लावून आत गेली. न बोलता कौतुक करायची तिची ही पद्धत आहे.

६ तारीख
मेकॅनिक येऊन गेला. म्हणे, बदलताय कशाला, आधी साफ करून बघू. डागडुजी माझ्या स्वभावात नाही, असं सांगून त्याला वाटेला लावला.

स्टिअरिंगशेजारी एक काळी मूठ आहे. तिला पुसायचं फडकं अडकवलं. जुन्या गाड्यांत काय एकेक सोयी असायच्या!

९ तारीख, शनिवार
नमुना हाताशी हवा म्हणून जुना कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर खोलला. एक स्प्रिंग उडून हिच्या चहात पडली. चहा गेला, स्प्रिंग मिळाली. पुन्हा जोडल्यावर दोन भाग उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत. सगळं परत सुटं करून बिस्किटांच्या डब्यात भरलं.

१२ तारीख
भंगारवाल्यांची अख्खी गल्ली पालथी घातली. हुबेहूब कार्बोरेटर मिळाला! घरी आणल्यावर कळलं, पाण्याच्या पंपाचा आहे. तसं दुकानदार म्हणालाही होता. मी घाईत होतो.

उद्यापासून पहाटे उठून शोध.

१३ तारीख
उठलो नाही. दुकानं तरी कुठे पहाटे उघडतात!

१६ तारीख, शनिवार
मिळाला! जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. तीच कंपनी, तोच नंबर. त्याचा मेसेज: 'कार्बोरेटर आहे, पण चोक आहे.' मी ताबडतोब कळवलं, 'चोक' नव्हे, 'चोख'. ख खटाऱ्याचा. त्याने विचारलं, म्हणजे चालेल ना? म्हटलं, चालेल काय, धावेल! त्याच्या वाक्यातल्या 'पण'चं प्रयोजन मात्र कळलं नाही. त्याला वाक्यरचनाही शिकवायला हवी होती.

मेहुण्याला फोन करून सांगितलं, दोर घरीच ठेव.

२१ तारीख, गुरुवार
पार्सल आलं. उघडलं. आत डांबरासारखा काळा गाळ, दगड होऊन बसलेला. एका भोकातून फुंकर जाईल तर शपथ!

फोन लावला. तो म्हणाला, साहेब, तुंबलाय हे मी आधीच लिहिलं होतं, चोक आहे म्हणून. ख तुम्हीच करायला लावलात.

माणूस उद्धट आहे. खरं बोलतो म्हणून काय झालं?

२२ तारीख
रॉकेलमध्ये भिजवला. गाळ ढिम्म. मी मात्र काळाकुट्ट.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर ही गाडीत नुसती बसलेली. डावीकडे, लहानपणी बसायची तिथे. काचेवरची धूळ बोटाने पुसत होती. माझ्याकडे बघून हसली. पळून जावंसं वाटलं, पण काखेत पंपाचा कार्बोरेटर होता.

२४ तारीख, रविवार
मेहुणा आला. एक दिवस आधी आणि दोर घेऊन. ही म्हणाली, आधी तो बिस्किटांचा डबा आणा. बहीण-भाऊ टेबलाशी बसले. लहानपणी बाबांना मदत करायचे म्हणे, मला कधी कोणी सांगितलं नाही. झाडलं, धुतलं, जोडलं. माझे जास्तीचे दोन भागही कुठेतरी बसले.

कार्बोरेटर गाडीत चढवला आणि मग ही स्टिअरिंगवर बसली. माझं फडकं काढून मागच्या सीटवर फेकलं आणि ती काळी मूठ ओढली. किल्ली फिरवली. इंजिन पेटलं!

ती मूठ म्हणजे चोक. थंड इंजिनाला आधी तो ओढावा लागतो. म्हणाली, अहो, पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना मी? मेहुणा हसता हसता बॉनेटवर कोसळला. मी म्हटलं, साफसफाईने फरक पडलाच असेल. ती म्हणाली, हो, फडक्यानेच पडला.

२५ तारीख, सोमवार
चक्कर झाली. ही चालवत होती, शेजारी मेहुणा, मागे मी आणि फडकं. थंडीने नाक लाल झालं होतं हिचं, डोळ्यांत पाणी होतं आणि गात होती, तेही बेसूर. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नाही. गाडी इथेच राहणार, किल्ली तिच्याकडे.

हिने विचारलं, कशी चाललीय? मला भरून आलं होतं. एकच शब्द सुचला. म्हटलं, चोख!

तिने चोक ओढला. तापलेलं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. ढकलायला मी.

उताराला गाडी सुरू झाली. आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल, असं मेहुणा ओरडला. ही खिडकीतून वळणापर्यंत हात हलवत होती. मी चालत घरी आलो.

तो शब्द आजपासून बंद. ढकलायचं काम मात्र उत्तम झालं.