तुमच्या पणतीच्या सायकलचा काटा

अण्णा, तुमच्या पणतीच्या सायकलला काटा आहे. तुम्ही म्हणाल, सायकलवर काय तोलायचं? पण पेडलच्या दांड्यात बोटभर यंत्र बसवलेलं असतं. पाय किती जोर लावतो ते मोजतं आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॉटमध्ये आकडा दाखवतं. उल्हासनगरच्या दुकानात कुणाचाही तराजू दुरुस्तीला आला की तुम्ही आधी दोन्ही पारडी रिकामी करून पासंग बघायचात. हिलाही रोज निघण्याआधी तेच करावं लागतं. पेडल रिकामं असताना फोनवर बटण दाबायचं, म्हणजे तिथून पुढे मोजणी. माझी ही नात कॉलेजसाठी माझ्याकडे सोनिवलीला राहते. तुमची सून गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पहाटे ती बारवीच्या रस्त्याला सायकल काढते आणि मी बागेत जाऊन बसतो. बरं चाललंय म्हणायचं. वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही. शाळेत पाठ केलेल्या कविता अजून सगळ्या येतात, चालीसकट, पण म्हणताना आत काही हलत नाही.

महिन्यापूर्वी तिचे आकडे पडले. पंचवीस-तीस वॉट कमी. जिल्ह्याच्या सायकल संघाची निवड या रविवारवर आलेली. जायचं नसेल तर गुरुवारपर्यंत नाव काढा, असं अंबरनाथच्या तिच्या सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिने बॅटरी बदलली, दांड्याचा स्क्रू आवळला, सायकलच्या दुकानात दाखवून आणलं. दुकानदार म्हणाला, "मीटर एकदम ओके है मॅडम, बस रोज झिरो करके निकलो." ती तर रोज न चुकता करत होती. मग आदल्या रविवारी दुपारी मी तुमचं पाच किलोचं लोखंडी वजन माळ्यावरून काढलं. तिने शून्य धरलं आणि आम्ही ते सुतळीने पेडलला टांगलं. हिशोबाने यायला हवा तेवढाच आकडा आला. तिने सुतळी सोडून वजन माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बघा आबा, तुमच्या अण्णांनीच सांगितलं. काटा खरा आहे, मीच ढिली पडलेय." मी वजन पुसून परत वर ठेवलं. आपण मदत करायला गेलो आणि हिचं उरलंसुरलं अवसान काढून घेतलं, एवढं कळलं मला.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी कारखान्यात लागायच्या आधीची गोष्ट, तुमच्या हाताखाली होतो तेव्हाची. सुक्या मेव्याच्या दुकानात आपण दोघं उभे आहोत. सिंधी शेठ वैतागलाय. "साईं, काँटा खराब है. घर पे ठीक तोलता है, इधर नहीं." मी लगेच पेचकस काढतो. तुम्ही माझा हात धरता आणि स्टूल मागून घेता. पंधरा मिनिटं तुम्ही नुसते बसून आहात, शेठने दिलेला चहा पिताय. मग म्हणता, "पंखा बंद करा." पारड्यावर वरून वारा बसत होता. परत येताना एवढंच बोललात, "कविता पाठ असून काय उपयोग, डोळे उघडे ठेव की." मला ते फार लागलं होतं. आता लागत नाही, नुसतं ऐकू येतं.

सोमवारी पहाटे मी गॅलरीत स्टूल टाकून बसलो. जागा अपुरी म्हणून सायकल ग्रीलला टेकवलेली असते, पुढचं चाक भिंतीला, एक पेडल पुढे आडवं. गॅलरीतला प्रत्येक खिळा कशाने तरी भरलेला. ती स्वयंपाकघरात उभ्याने पाणी पीत होती. तिथूनच फोनवर बटण दाबलं. मग बाहेर आली, पुढे आलेल्या पेडलवरची माझी कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "घ्या आबा तुमचं दप्तर." आणि गेली. पिशवीत छत्री, पाण्याची बाटली, कवितांची वही. बागेत जायला लागलो तेव्हापासून, म्हणजे महिनाभर, मी रात्री झोपताना ती भरून तिथे अडकवतो आहे. यंत्र रोज माझ्या पिशवीसकट शून्य धरत होतं आणि तेवढा जोर तिच्या पायांतून वजा करत होतं. रविवारी दुपारी पिशवी आत होती, म्हणून तुमचं वजन बरोबर उतरलं.

ती परत आली ती घाम पुसत. "आबा, बस झालं. बुधवारी सरांना सांगते, माझं नाव काढा."

बुधवारी ती फोन लावायला बसली तेव्हा मी पिशवीचं सांगितलं. आधी तिला पटेना. मग पिशवी टांगून शून्य धरलं, काढून बघितलं, पुन्हा टांगली. खूप हसली. "म्हणजे महिनाभर मी तुमच्या कविता ओढत होते?" गुरुवारी आकडे पूर्वीसारखे आले, पण दोन दिवस पाय बंद राहिल्याने शेवटच्या चढावर दम लागला म्हणाली. आज ती निवडीला गेली आहे. अजून फोन नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच लिहितो आहे. तिने विचारलं होतं, कधी लक्षात आलं आबा? मी म्हणालो, आत्ताच. तसं नाही अण्णा. सोमवारीच दिसलं होतं. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी ती सायकल न काढता माझ्यासमोर बसून चहा प्यायली, आणि मंगळवारी आपण होऊन म्हणाली, एखादी कविता म्हणा ना. मी म्हटली. मला बरं वाटलं.