डाव्या नळीतला तुकडा

रविवार, १८ तारीख, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सारे ठीक. तुझी वहिनी विचारते, छकुलीचा दुखरा दात पडला का?

शोरूममधला तो माणूस आपण दोघे भाऊ जन्मात विसरणार नाही. तुझ्या न वाकणाऱ्या गुडघ्याकडे बघून म्हणाला होता, "यांनी आपलं बसनं फिरावं." का? माणसानेच गाडीच्या मापाचं का व्हावं? गाडी का माणसाच्या मापाची होऊ नये? त्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात माझी जुनी मोटारसायकल उघडली, चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, मागच्या दोन्ही नळ्या कापून जोडल्या, सीट चार बोटं खाली आणली. तुझे दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा तू ओरडलास, "दादा, टेकले!" त्या एका शब्दावर मी अपंगांच्या हक्कांच्या किती सभा गाजवल्या!

तुझं पत्र मिळालं. वळणावर गाडीचं मागचं अंग डावीकडे झुलतं, 'माझाच पाय तोल धरत नसेल,' असं लिहिलंस. छकुलीला रोज मागे बसवून शाळेत सोडतोस, हेही लिहिलंस. परवा खरं काय ते सांगायला फोन केला, तो हवापाण्यावर बोलून ठेवून दिला. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी तुला पावसाचं विचारत बसलो.

गाडी कापली तेव्हा शेजारच्या वेल्डरमामांनी बजावलं होतं, "नळ्या नुसत्या टोकाला टोक लावून जोडू नकोस. आत लोखंडाचा तुकडा सरकव, मग वेल्डिंग कर." उजवीकडे सरकवला. डावीकडचा आत जाईना, घासायला हवा होता. तू तासाभरात येणार होतास, आणि मला तुझा चेहरा बघायची घाई. तसंच जोडलं. जोड ओबडधोबड आला, तो ग्राइंडरने सपाट केला, फट पुट्टीने बुजवली, वर काळा रंग मारला. मामांनी विचारलं, "दोन्हीकडे घातलास ना?"

मी म्हणालो, "म्हणजे काय!"

तो तुकडा वर्षभर माझ्या टेबलावर आहे. भाषणांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतो. त्याच कागदांत लिहिलंय, रंगाखाली दोष झाकणारा कारखानदार गुन्हेगार आहे.

तुझा पाय चुकत नाही, धाकट्या. माझा जोड सुटतो आहे.

आत्ताच मामांना सगळं सांगितलं. ते भडकले. "व्यासपीठावर सिंह आणि अंगणात उंदीर! आता भाषण नको, लिही आणि आण इकडे." दारात चपला घालून उभे आहेत. हे पत्र आणि तो तुकडा तेच घेऊन येताहेत.

रागव. वर्षभर बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण पत्राची घडी घालण्याआधी, छकुली मागे बसण्याआधी, गाडीची चावी मामांच्या हातावर ठेव.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
दादा