ताईची काचशाळा नकाशावर

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी एकच, आणि ती उघडली की दार आपोआप आपटतं. सामान अजून पेटीतच आहे आणि बहुधा तिथेच राहील, कारण पहिल्याच दिवशी कार्यालयाने हातात फिरतीचं वेळापत्रक ठेवलं. वर्षभरात सगळा विभाग पालथा घालायचा आहे.

तू विचारलं होतंस की काम नेमकं काय, शेजारी विचारतात त्यांना काय सांगू. सांग की या भागात काय काय आहे, त्याचा आम्ही नकाशा बनवतोय. डोंगर-नद्यांचा नव्हे. कारखाने, प्रयोगशाळा, रिकाम्या पडलेल्या पण छप्पर शाबूत असलेल्या इमारती, आणि मुख्य म्हणजे हातात कसब असलेली माणसं. आमच्या संचालकबाई म्हणतात की नवा उद्योग काढणाऱ्याला वाटतं, इथे काही नाहीच. मग तो लांब जातो आणि त्याच्यामागे आपली पोरंही जातात. आहे ते एका कागदावर दिसलं तर इथेच काहीतरी उभं राहील. मला हे पटलंय, ताई. कधी नव्हे ते एखादं काम मनापासून पटलंय, म्हणून पाय एका जागी ठरत नाहीत.

सोबत छापील फॉर्म आहे. बाबांच्या काचशाळेची माहिती भरून पाठव. उशीर करू नकोस. काचशाळेतल्या मास्तरांना नमस्कार. लोभ वाढवावा असं म्हणत नाही, आहे तोच मला जड होतो.

तुझा,
भिंगऱ्या


१५ जानेवारी

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

चौथी नोकरी आणि सहावी खोली. तुझ्या पायाला भिंगरी होतीच, आता सरकारने तिला फिरतीचा भत्ता लावून दिला. जेवणाबद्दल पत्रात अक्षर नाही, यावरून काय ते समजले.

फॉर्म पाहिला. आठव्या रकान्यात यंत्रसामग्री विचारली आहे. आमच्याकडे पाच बर्नर आणि काच फुंकणाऱ्या पाच माणसांची फुफ्फुसं, ती कुठल्या रकान्यात लिहू? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांना चंबू लागतात त्यांना आपलं दार माहीत आहे. ज्यांना दार माहीत नाही त्यांना चंबू लागत नाहीत. झालं त्यांचं. डावरी मात्र फॉर्म पुन्हा पुन्हा वाचत होती. ही डावरी तुला आठवत असेल. सात वर्षांपूर्वी खोक्यांना लेबलं चिकटवायला आली होती. आता डाव्या हाताने नळी अशी फिरवते की सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नाही. प्रयोगशाळांचं अवघड काम आलं की मी डोळे मिटून तिच्यापुढे ठेवते.

तर मी फॉर्म भरणार नाही. नकाशावर जाऊन मी काय करू? आहे तिथे बरी आहे. अंगावर गरम कपडे घाल आणि उत्तर दे.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवड्यांत अकरा गावं झाली. झोपेतसुद्धा मी कुणाच्या तरी दाराची कडी वाजवत असतो. एका गोदामात नऊ बायका जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळून त्या पुन्हा चालू करतात. मी त्यांना कुशल कारागीर म्हणून लिहून घेतलं, तर एकमेकींना कोपरखळ्या मारून हसायला लागल्या. एक सूतगिरणी बंद आहे, पण तिचा पहारेकरी रोज सगळ्या खिडक्या पुसतो. मी का विचारलं. तो म्हणाला, उद्या चालू झाली तर?

परवा इथल्या कॉलेजात गेलो. रसायनाच्या प्राध्यापकांनी अभिमानाने काचेची एक गुंतागुंतीची जुळणी दाखवली आणि म्हणाले, हे आमच्या काचवाल्या बाईंचं काम, तुम्ही त्यांना भेटला असालच. मी हो म्हणालो आणि मान खाली घातली. माझ्या वहीत तुझं पान कोरं आहे. परक्या पहारेकऱ्याकडून फॉर्म भरून घेतो आणि सख्ख्या बहिणीकडून नाही, हे मी कार्यालयात कुठल्या तोंडाने सांगू?

हट्ट समज. लहान होतो तेव्हा पुरवायचीस.

तुझा,
भिंगऱ्या


११ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

घे, भरला. आता तोंड पाडून फिरू नकोस.

भरायला बसले आणि मलाच गंमत वाटायला लागली. आपण काय काय करतो, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. डावरीबद्दल लिहायला रकाना पुरला नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं आहे. ते जरा जास्तच झालं असेल, पण खोटं एक अक्षर नाही. मास्तर रुसले होते, मग त्यांच्याबद्दलही दोन ओळी घातल्या.

तुझी,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नकाशा झाला! आमच्या सभागृहाची एक भिंत त्याने भरली आहे. तू हिरवा ठिपका आहेस, उजवीकडे वर. येणारे-जाणारे थांबून पाहतात आणि मी उगाच तिथे घुटमळतो.

आणखी एक. रुग्णालयांसाठी उपकरणं बनवणारी एक मोठी कंपनी त्या बंद सूतगिरणीत कारखाना काढते आहे. त्यांना काचेचं बारीक काम लागतं. तुझा फॉर्म वाचून त्यांचा माणूस खुर्चीतून उठला, शपथेवर सांगतो. ते तुझ्याकडे येतील. मोठं काम मिळेल असं दिसतंय. आणखी दोन माणसं बघून ठेव.

घाईत आहे, बाकी भेटीत.

भिंगऱ्या


१९ मे

चि. भिंगऱ्यास,
आशीर्वाद.

तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. सभ्य होती, पाणी घेतलं, सगळं पाहिलं. हातात माझ्या फॉर्मची प्रत होती. मागच्या बाजूला मी लिहिलेलं त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, यातल्या डावरी कोण?

काम दिलं नाही. माणसं नेली. डावरी आणि आणखी दोघं. पंधरा दिवसांत. जाताना डावरी माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही, आणि मीही तिला थांब म्हणाले नाही. आता मास्तर आहेत आणि मी आहे. मास्तरांना वर्षभरापासून एका डोळ्याने धूसर दिसतं, हे मी तुझ्या फॉर्मात लिहिलं नव्हतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम महिन्याभरात द्यायचं आहे, शब्द दिला आहे.

हिरव्या ठिपक्याला आता कुठला रंग देणार?

ताई


२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तडक संचालकबाईंकडे गेलो आणि म्हणालो, काचशाळेचा फॉर्म काढून टाका, कुणाला दाखवू नका. त्यांनी शांतपणे विचारलं, त्या तिघांना पूर्वीपेक्षा चांगलं काम मिळालं की नाही? मिळालं. ते याच भागात राहिले की लांब गेले? इथेच राहिले. मग नकाशा चुकला कुठे? पण चुकला आहे, हे मला कळतंय.

राजीनामा लिहिला आणि फाडला, पुन्हा लिहिला. दिवसभर रस्त्याने चालतो. तू काहीही बोल, पण बोल. मी येऊ का?

तुझा,
भिंगऱ्या


१२ जून

चि. भिंगऱ्यास आशीर्वाद.

काम आहे. लिहायला जमत नाही. येऊ नकोस. मी लिहीन.

ताई


१८ जून

चि. धाकट्यास,
मास्तरांचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. तरी लिहितो आहे.

बारा तारखेचं तिचं पत्र मीच टपालात टाकलं. अक्षर वेडंवाकडं पाहून ती रागावली आहे असं तुला वाटलं असेल. तसं नाही. ते तिने डाव्या हाताने लिहिलं आहे. उजवा तळवा भाजला आहे. प्रयोगशाळेचा मोठा सांधा करायला दोन माणसं लागतात. डोळ्यामुळे मला ती जवळ येऊ देत नव्हती. एकटीनेच करायला बसली. लाली विझल्यावर काच गरम आहे की गार ते दिसत नाही, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं, आणि तिनेच ती उचलली. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण तीन महिने ज्योतीसमोर बसायचं नाही.

तुला कळवू नये अशी तिची ताकीद आहे. म्हणून मी कळवलं हे तिला कळवू नकोस. लगेच ये.

मास्तर


२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तळव्याची पट्टी सोडली का? मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस का? आधी या दोन प्रश्नांची उत्तरं दे, मग पुढचं वाच.

मी तिथे आठ दिवस होतो. तू पहिले सहा दिवस माझ्याशी फक्त जेवणाच्या वेळी बोललीस. सातव्या दिवशी कॉलेजचा शिपाई फुटकी नळी घेऊन आला आणि तुझा हात पाहून तसाच परत निघाला. तेव्हा तू चिडून मला म्हणालीस की कुणाकडे काय आहे ते मी विचारलं, पण कोण कुणावर अवलंबून आहे ते विचारलं नाही. पुढे तू विषय बदललास. मी मात्र तेच घेऊन परतलो.

परत आल्यापासून बसलेलो नाही. जिथे जिथे आधी गेलो होतो तिथे पुन्हा गेलो आणि एकच प्रश्न विचारला: तुमचं काही मोडलं तर कुणाकडे धावता? साठ ठिकाणी विचारलं. तेवीस जणांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. माती तपासणारे, औषधं बनवणारे, कॉलेज, पाणीवाले. दुसरा क्रमांक त्या तार गुंडाळणाऱ्या नऊ बायकांचा. नकाशावर दोरे ताणून सगळं दाखवलं. संचालकबाईंनी एकेक दोरा बोटाने धरून पाहिला. मग म्हणाल्या, आपण पाहुण्याला घरातला खांब विकत दिला. त्यांनी माफी मागितली नाही, तशी त्यांची सवय नाही. पण यापुढे कुणाचाही फॉर्म त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असा लेखी हुकूम काढला.

आता मुख्य गोष्ट. कॉलेज एक मोठी खोली द्यायला तयार आहे, बर्नर आमचं कार्यालय देईल. काचकामाचा वर्ग काढायचा आणि तो तू चालवायचा. वर्षाला सात जण. मास्तरांचं सकाळचं फुटक्या नळ्या सांधायचं काम काचशाळेत चालूच राहील. मी हो म्हटलेलं नाही. या वेळी तुझ्या वतीने काहीच म्हटलेलं नाही. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
भिंगऱ्या


३० ऑगस्ट

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पट्टी सुटली. मूठ अजून पूर्ण मिटत नाही, पण हे पत्र उजव्या हाताचं आहे, अक्षरावरून कळेलच. मास्तरांच्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात करायचं ठरलं आहे.

उत्तराला महिना लावला, कारण मध्ये एक काम उरकायचं होतं. मी कंपनीत जाऊन आले. कुणाला सांगितलं नव्हतं. रागवायलाच निघाले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत होते, चांगली झोंबणारी. तिथे अंगावर पांढरा डगला आणि बुटांवर पिशव्या चढवून मला आत सोडलं. खिडक्या स्वच्छ आहेत, तुझा पहारेकरी अजून तिथेच आहे. डावरीच्या हाताखाली अकरा जण. तिने मला पाहिलं नव्हतं. एका नव्या मुलीने घाई केली आणि नळी ज्योतीत लोंबली. डावरी तिला म्हणाली, काचेला तुझ्याकडे बघायला वेळ नाही, तूच तिच्याकडे बघ. भिंगऱ्या, हे बाबांचं बोलणं. डावरीने बाबांना पाहिलेलंसुद्धा नाही. म्हणजे ते माझ्याकडूनच तिच्याकडे गेलं असणार. मी कधी म्हणाले, ते मला आठवत नाही.

मग तिचं लक्ष गेलं. धावत आली, माझा हात उलटा करून पाहिला आणि मोठा सांधा एकटीने करायला का बसलात म्हणून मलाच फैलावर घेतलं. मी विचारलं, न बोलता का गेलीस? ती म्हणाली, सात वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल जे कधी मला सांगितलं नाहीत, ते त्या दिवशी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. तुम्ही एकदा म्हणाला असतात तर कदाचित गेलेच नसते. आणि गेलेच असते तरी रडत गेले नसते. ती रडत गेली, हे मला माहीत नव्हतं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. मी तिला म्हणाले, तू चांगलं काम करतेस. चार शब्द, आणि ते म्हणायला मला सात वर्षं लागली.

वर्ग घेते. सोमवारपासून. सात जणांची यादी आली आहे. डावरी महिन्यातून एकदा येऊन अवघड सांधे दाखवेल, तिने स्वतःहून सांगितलं. प्राध्यापकांनी मला खडू, फळा आणि टेबल दिलं आहे. आजवर माझ्याकडे जे आले ते बाजूला उभे राहून शिकले. मी कधी कुणासमोर उभी राहून शिकवलेलं नाही. दोनदा साडी बदलून पाहिली आणि स्वतःवरच चिडले. मास्तरांना सांगितलं तर ते हसतील.

तेव्हा तुझी सोमवारची फिरती पुढे ढकलता येत असेल तर ये. वर्गात बसायचं नाही, बाहेर खिडकीतून डोकावायचंही नाही. फक्त जिना माझ्याबरोबर चढ. दुसरा मजला आहे.

लोभ जसा आहे तसाच राहू दे, त्यात काही सुधारणा सुचवू नकोस.

तुझी,
ताई