धोट्याच्या वाटेचा रंधा

मी, भरमू रवळू सुतार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार वडगाव, जिल्हा बेळगाव, आज माझ्या पडवीत बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि मार्तंड मास्तर ते लिहीत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. हात कापतात, पण ते बुद्धीचे काम नव्हे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. उलट पुष्कळांनी हे करू नका म्हणून सांगितले, आणि त्यामुळेच घाई केली.

१. राहते घर वडिलोपार्जित आहे. ते कायद्याने माझा मुलगा परशराम याचेच आहे, तेव्हा त्यात मी देण्यासारखे काही नाही. मात्र मागची पत्र्याची पडवी मी स्वतः जागा घेऊन स्वतःच्या हाताने उभी केली. ती पडवी आणि आतले कामाचे बाकडे माझी मुलगी अक्काताई हिचे. अक्काताई चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून ती इथेच आहे.

२. करवती, वाकस, पटाश्या आणि गिरमिटे यांची वाटणी दोघा भावंडांनी समजुतीने करावी. भांडलात तर दोघांनाही नाही, सगळे भावकूला द्यावे. भावकू हा आमचा भाऊबंद व शेजारी, तोही सुतारच. त्याच्याकडे गेलेले हत्यार परत येत नाही हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे, म्हणून भांडणार नाही अशी खात्री आहे.

३. आता रंध्याविषयी. मार्तंड मास्तर म्हणतात, एका रंध्यासाठी वेगळे कलम कशाला. मी म्हटले, त्याच्यासाठीच तर तुम्हाला बोलावले.

हा रंधा साधा नाही. मागाचा जो हात्या विणकर पुढेमागे ओढतो, त्याच्यावरून आडवे सूत नेणारा धोटा धावतो. धोट्याची ती वाट उभे सूत ओवलेल्या फणीच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे धोटा फणीला चिकटून जातो. उतार किती, तर तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. तेवढाच उतार या रंध्याच्या तळाला मुद्दाम दिलेला आहे. सन १९१० साली खानापूरच्या शिसवाच्या ठोकळ्यातून मी तो घडवला. पाते जुन्या कानशीच्या पोलादाचे आहे. रंधा वडिलांकडून आलेला नाही, माझ्या कमाईचा आहे, आणि तो कोणाला द्यायचा हा अधिकार माझा एकट्याचा आहे.

तो रंधा मी अक्काताईला देतो. परशरामला नाही.

४. कारण लिहिल्याशिवाय हे कोणाला पटणार नाही, म्हणून लिहितो. सन १९२७ च्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हत्यारे पूजेला काढायची होती. फळी उंच होती. अक्काताईने रंधा खाली काढला आणि भावाच्या हातात दिला. एवढाच तिचा हात लागला, आणि तो भावकूने कुंपणापलीकडून पाहिला. परशरामने रंधा स्वच्छ करताना तळ पट्टीवर धरून पाहिला. त्याला तो वाकडा दिसला. फरशीवर वाळू पसरून त्याने तो दोन तास घासला आणि कौतुकाने मला सांगितले, “आप्पा, तळ वाकडा झालता, मी सरळ केलो.” मी पूजेच्या गडबडीत होतो. अर्धेच ऐकून मला वाटले, पाते सरळ केले म्हणतोय. हो म्हटले.

दसऱ्यानंतरचा पहिला हात्या मालुबाईच्या मागाचा होता. मालुबाई आमच्याच गल्लीतली विणकर बाई. वाट परशरामने याच रंध्याने काढली. मी बोट फिरवून पाहायला हवे होते, ते पाहिले नाही. सतरा वर्षांत या रंध्याने मला कधी दगा दिला नव्हता. तिसऱ्या दिवशी धोटा वाट सोडून उडाला आणि त्याचे लोखंडी टोक मालुबाईच्या डाव्या डोळ्याला लागले. तो डोळा गेला.

भावकू गल्लीभर सांगत सुटला की विधवेने पूजेच्या हत्याराला हात लावला, मग असेच होणार. लोकांनी मान डोलावली. मी रंधा उलटा करून पाहिला, तळाचा उतार घासून गेला होता, तेव्हा खरा प्रकार माझ्या ध्यानात आला आणि परशरामलाही मी तो दाखवला. त्याच आठवड्यात परशरामची सोयरीक बोरगावला ठरत होती. मी तोंड उघडले नाही.

अक्काताईने मला एकदाच विचारले, “आप्पा, तुमास्नी तर ठाव हाय न्हवं?”

मी म्हटले, “ठाव हाय.”

त्यानंतर नऊ वर्षे तिने विचारले नाही आणि मी बाहेर कोणाला सांगितले नाही. सणाला कोणी तिला हाक मारीना, बाया पाणी भरताना तिच्यापासून घागर बाजूला सरकवीत. हे सगळे मी बघत होतो. मला लाज वाटते. पूर्वीही वाटत होती, पण ती मुलाच्या लग्नापेक्षा कमी भरली.

५. रंधा पुन्हा कोणी उभा केला, तेही लिहा मास्तर. मी केला असे मी लोकांना सांगत आलो, ते खोटे. मालुबाईच्या मागाचा जुना, बिनचूक हात्या अडगळीत पडला होता. अक्काताईने त्यावर काचकागद चिकटवला आणि अकरा दिवस रंधा त्यावर घासून तळाला जुना उतार परत दिला. माझे हात कापू लागल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, वडगाव आणि खासबागेत माझ्या नावाने गेलेला प्रत्येक हात्या तिच्या हातचा आहे. गिऱ्हाईक आले की ती आत जाई आणि मी अंगावर भुसा घेऊन बाकड्याशी बसे. गेल्या वर्षी खासबागेचा ज्योतिबा विणकर म्हणाला, “भरमूआप्पा, म्हातारपणी तुमचा हात लई सुधारला.” मी ती तारीफही घेतली.

६. अक्काताईला हे सांगायची गरज नाही, पण पुढे जो कोणी रंधा धरील त्याच्यासाठी सांगतो. पाते काढताना रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे, पाचरीवर हातोडा घालू नये. धार दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून लावावी, फिरत्या सहाणेवर कधीही नाही. पावसाळ्यात पाचर सैल ठेवावी, नाहीतर शिसव फुगून तोंड चिरते. ठेवताना आडवा ठेवावा. तळाला जवसाचे तेल द्यावे. आणि तळ वाकडा दिसला तर त्याला सरळ करू नये. आधी विचारावे.

७. खंडेनवमीला या रंध्याची पूजा अक्काताईने स्वतः करावी. हळदकुंकू मुठीला लावावे, पात्याला नको, ओल धरून गंज चढतो. तिच्या हाताने गंज चढत नाही. ज्याला पूजेला यायचे नसेल त्याने येऊ नये, प्रसाद वाचेल.

८. मालुबाईच्या मागाचे लाकूडकाम ती जिवंत असेपर्यंत परशरामने निपाणीहून स्वतः येऊन करावे. तिथल्या तंबाखूच्या वखारीसाठी खोकी ठोकतो, त्यातून सवड काढावी. बहिणीवर ढकलू नये. पोरा, तू मुद्दाम केले नाहीस हे मला ठाऊक आहे. पण कळल्यावरही तू गप्प राहिलास, आणि ते तू माझ्याकडून शिकलास.

९. भावकूला माझा तुटक्या दांड्याचा हातोडा. त्याच्या जिभेबद्दल माझी तक्रार आहे, पण तिला मोकळे रान मी दिले.

१०. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तसे केले तर मला सोपे जाईल, कोणाला तोंड दाखवावे लागणार नाही. म्हणून तसे करायचे नाही. आज अमावास्या, सुतारांची हत्यारे बंद असतात, सगळे घरी आहेत. वरची नऊ कलमे पडवीत लिहून झाली, तशी ती मी आत्ताच मालुबाईच्या दारात उभे राहून, गल्ली गोळा करून, माझ्या तोंडाने सांगितली. मास्तर सोबत होते. भावकू पुढेच होता. अक्काताई मागे उभी होती, ती शेवटपर्यंत आत गेली नाही.

मालुबाईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “डोळा माझा गेला, भरमूआप्पा, पण नऊ वर्सं झाकून तुमी बसलासा.”

हे तिचे म्हणणे मी मुद्दाम लिहायला लावले आहे. साक्षीदार म्हणून अंगठा देशील का, असे तिला विचारले. तिने आधी अक्काताईला पुढे बोलावून आपल्या शेजारी बसवले आणि मग अंगठा दिला.

सही: भरमू रवळू सुतार (हात कापत असल्याने वाकडी आली आहे, तशीच राहू द्यावी)

साक्षीदार:
१. मालुबाई, विणकर, वडगाव. डाव्या हाताचा अंगठा
२. ज्योतिबा, विणकर, खासबाग. सही

लेखक: मार्तंड मास्तर

मुक्काम वडगाव, बेळगाव. सोमवार, ता. १७ ऑगस्ट १९३६